‘नाइन टू फाइव्ह’: एकाच नावाची दोन गाणी

‘नाइन टू फाइव्ह’ म्हटले की बहुतेकांना अमेरिकी गायिका डॉली पार्टन आठवते. पण याच नावाचे, स्कॉटलंडच्या शीना ईस्टनने गायलेले आणखी एक गाणे त्याच सुमारास गाजले, आणि तेव्हापासून या दोहोंची गल्लत होत आली आहे. दोन्ही गाणी बाईच्या तोंडी आहेत, दोन्हींत नऊ ते पाच ही कामाची वेळ आहे, आणि १९८१ साली काही महिन्यांच्या अंतराने दोन्ही अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. शब्दांकडे लक्ष दिले की फरक लगेच कळतो. पार्टनच्या गाण्यातली बाई स्वतः कामाला जाते. ईस्टनच्या गाण्यातली बाई कामाला गेलेल्या माणसाची वाट पाहते.

पार्टनने हे गाणे त्याच नावाच्या चित्रपटासाठी लिहिले. डिसेंबर १९८० मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात जेन फोंडा आणि लिली टॉमलिन यांच्याबरोबर तिने सेक्रेटरीची भूमिका केली होती. चित्रीकरणाच्या दिवसांत ती आपली लांब कृत्रिम नखे एकमेकांवर घासून ताल धरीत असे. तो आवाज तिला टाइपरायटरच्या खडखडाटासारखा वाटला आणि त्या तालावरच गाणे आकाराला आले. ध्वनिमुद्रणातही तिने ही नखे वाजवली आहेत. ज्या बाईचा सगळा दिवस टाइपरायटरपुढे जातो तिच्या गाण्याला याहून योग्य वाद्य सापडले नसते, असे मला मनापासून वाटते.

गाण्याची सुरुवात अंथरुणातून कशीबशी उठून स्वयंपाकघरात धडपडत जाण्यापासून होते. तिथे ती कपात चक्क महत्त्वाकांक्षा ओतून घेते, जांभया देत जागी होते आणि रहदारीत मिसळते. पुढे मात्र सूर तक्रारीचा होतो: डोके आपले वापरायचे आणि श्रेय साहेबाने घ्यायचे, पुढे जावेसे वाटले तरी त्याने जाऊ द्यायचे नाही. ही तक्रार कल्पनेतून आलेली नव्हती. बॉस्टनमध्ये १९७३ साली कचेऱ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनी ‘नाइन टू फाइव्ह’ याच नावाची संघटना उभारली होती, आणि चित्रपटाची प्रेरणा फोंडाला या संघटनेच्याच कामातून मिळाली. इतकी कडवट गोष्ट पार्टन पाय ठेका धरतील अशा चालीत सांगते. रोजच्या जगण्याचे रडगाणे न करता ते खणखणीत आवाजात मांडणे ही कंट्री संगीताची, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजलेल्या संगीताची, जुनी ताकद आहे, आणि टेनेसीच्या डोंगराळ भागात, बारा भावंडांच्या गरीब घरात वाढलेल्या पार्टनला ती उपजतच होती. गाणे कंट्रीच्या यादीतही पहिले आले, त्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि ऑस्करसाठी नामांकनही.

ईस्टनचे गाणे फ्लॉरी पामर यांनी लिहिलेले असून ते कंट्री नव्हे, तर सरळ पॉप आहे. ईस्टनने पार्टनच्या गाण्याचे नाव उचलले, हा समज चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये तिचे गाणे १९८० सालीच, पार्टनच्या आधी, ‘नाइन टू फाइव्ह’ या नावाने आले आणि तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. अमेरिकेत ते यायच्या वेळी पार्टनचे गाणे तिथे गाजत होते, म्हणून त्याचे नाव बदलून ‘मॉर्निंग ट्रेन’ केले आणि जुने नाव कंसात ठेवले. त्यामुळे अमेरिकी तबकडी आणि ब्रिटिश तबकडी हातात घेतली, तर गाणे एकच असूनही नावे वेगळी दिसतात.

ईस्टनच्या नायिकेचा दिवस पाचनंतर सुरू होतो: तो आगगाडीने परत येतो आणि मग सिनेमा, उपाहारगृह, नाच. पार्टनच्या गाण्यात संध्याकाळ येतच नाही.