भाकर समोर टाकू नका, शोधू द्या त्याला

मे महिन्यात आमच्या गावात सकाळी दहानंतर बाहेर पाय टाकवत नाही, पारा ४५ च्या वर जातो, आणि त्या दिवसांत आमचा कुत्रा काळू दिवसभर कोठ्याच्या सावलीत साखळीला बांधलेला असायचा. दिवसातून दोनदा भाकर समोर पडायची, अर्ध्या मिनिटात संपायची, मग उरलेला अख्खा दिवस करायला काहीच नाही. जमीन उकरायचा, पोट्ट्यांच्या चपला फाडायचा, पुढचा पाय चाटून चाटून तिथले केस घालवले होते त्यानं. घरचे म्हणायचे मस्ती आली. मस्ती कशाची, दिवस जात नव्हता त्याचा.

मग मी एक साधी गोष्ट केली. टोपल्यात तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, घेतलं (सोयाबीनचं घेऊ नका, टोचते), भाकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, कोहळ्याच्या दोन उकडलेल्या फोडी कुस्करून त्याला लावल्या आणि सगळं आत मिसळून टोपलं ठेवलं त्याच्यासमोर. आई म्हणे, "काहून लपवून देतं वं त्याले, उपाशी आहे तो!" पण काळूनं नाक खुपसलं आणि वीस मिनिटं वर केलंच नाही. जवळ बसून पाहा कधी, नाकाच्या दोन्ही बाजूंनी कुटाराची धूळ उडताना दिसते. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूला चीर असते, श्वास सोडताना हवा तिथून मागं जाते आणि समोरून नवा वास आत यायला वाट मोकळी राहते, आणि असं हुंगणं एका सेकंदात साधारण पाच वेळा चालते. आत गेलेली हवा पण दोन वाटांनी जाते, बरीचशी फुप्फुसात, थोडी नाकाच्या अगदी मागच्या कप्प्यात जिथं फक्त वास ओळखायचं काम होते. एवढं मोठं यंत्र घेऊन जन्माला आलेल्या जिवाला आपण ताटात भाकर टाकून देतो, वापरायचं कुठं त्यानं ते?

जाक पँकसेप नावाचे मेंदूशास्त्रज्ञ होऊन गेले, प्राण्यांच्या भावनांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की सस्तन प्राण्यांच्या मेंदूत शोधण्याची एक वेगळीच व्यवस्था आहे, डोपामिन नावाच्या मेंदूतल्या रसायनावर चालणारी, आणि ती खाणं पोटात गेल्यावर नाही तर खाणं मिळेल या आशेनं शोधताना जास्त जागी असते. १९६३ साली ग्लेन जेन्सन यांनी उंदरांवर प्रयोग केला होता, बाजूला वाटीत फुकटचं खाणं ठेवलेलं असतानाही उंदीर कळ दाबून मिळणारं खाणं मिळवत बसायचे. आणि कुत्र्यांचं म्हणाल तर २०१९ मध्ये एक अभ्यास झाला, काही कुत्र्यांना दोन आठवडे वासानं खाणं शोधायला लावलं आणि काहींना फक्त मालकाच्या बाजूनं शिस्तीत चालायला. नंतर त्यांच्यासमोर असा बाऊल ठेवला की ज्यात काही आहे की नाही हे सांगताच येत नाही, तर शोधणारे कुत्रे त्याच्याकडं आधीपेक्षा लवकर जायला लागले, चालणाऱ्यांत तसा फरक पडला नाही. म्हणजे शोधायची सवय लागली की जीव आशेनं पाहायला लागतो. मला हे वाचून खूप बरं वाटलं होतं.

आता द्यायचं काय, तर बाजारातलं पॅकेट लागत नाही. भाकर चालते का असं बरेच जण विचारतात, तर चालते. लांडग्यात स्टार्च पचवणाऱ्या एका जनुकाच्या दोनच प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३० पर्यंत सापडल्या, २०१३ चं संशोधन आहे हे, माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं राहिल्याचा परिणाम असावा असं शास्त्रज्ञ म्हणतात. गाजर, काकडी, उकडलेलं कोहळं, उकडलेलं अंडं, बिया काढलेलं टरबूज, हे सगळं चांगलं. फल्लीदाणे भाजलेले बिनमिठाचे, पण आठ-दहाच, कारण १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात आणि वरचा खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसायला पाहिजे, म्हणजे ६०. तेवढ्या कॅलरी दहा ग्रॅम दाण्यातच होतात, गाजर मात्र दीडशे ग्रॅम खाल्लं तरी चालते. रोजची भाकरच लपवून दिली तर हा हिशोबच करावा लागत नाही, मी तेच करते.

कांद्याचं मात्र नीट ऐका. आमच्याकडं उरलेला रस्सा भाकरीवर ओतून द्यायची पद्धत होती, मीही द्यायची. एका पावसाळ्यात काळू सुस्त झाला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी चहासारखी. डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, कांदा खातो का? कांदा-लसणातल्या गंधकाच्या संयुगांमुळं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी फरक पडत नाही, आणि थोडं थोडं रोज गेलं तरी साठत जाते. वाचला तो, पण महिनाभर मला झोप नव्हती, माझ्याच हातानं दिलं होतं ना ते. द्राक्ष, मनुका, चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगम हेही नको. मटणाची शिजवलेली हाडं पण नको, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

आणि कशात लपवता तेही पाहा. खोका, जुना बारदाना, लुगड्याच्या गाठी चालतात, पन्नी नको, गिळते. फवारणीच्या औषधाचा डबा किंवा औषध लावलेल्या बियाण्याचं पोतं कितीही धुतलं तरी अजिबात नको, कपाशीच्या गावात हे सांगायलाच पाहिजे. दोन कुत्रे असतील तर टोपली दोन आणि लांब लांब. उन्हात धापा टाकत असताना देऊ नका, धाप लागली की त्याला नीट हुंगता येत नाही, सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला द्या. उन्हाळ्यात मी पातळ बिनमिठाच्या ताकात काकडीचे तुकडे टाकून वाटीत गोठवते, ते चाटण्यात त्याचा बराच वेळ जातो.

मांजरीचं वेगळं आहे. २०२१ मध्ये तपासलं तर बहुतेक मांजरींनी मेहनत टाळून ताटातलंच खाल्लं. आमची मनीही टोपल्याच्या काठावर बसून काळूकडं पाहत राहते, भाकर शोधायला कधी उतरत नाही, कुटारातून पाल सळसळली तर मात्र सगळ्यात आधी आत तीच असते.