मेझो-सोप्रानोची जगभरची वाटचाल : ग्रेस बम्ब्री यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

सोलापुरात गाणं शिकणाऱ्या मुलींचा षड्ज साधारण पेटीच्या काळी चार ते काळी पाच या पट्टीत लागतो. हिशेब सोपा जावा म्हणून मधली पांढरी सहा धरू. ग्रेस बम्ब्री या ऑपेरातल्या अमेरिकन मेझो-सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजातल्या मधल्या पट्टीच्या गायिका. मेझोचा कामाचा आवाज याच षड्जापाशी सुरू होतो आणि दोन सप्तकं चढून अतितार षड्जाला पोचतो. आपली गायिका मंद्र पंचमावर निवांत ठेहराव घेते, तिथे मेझोला फारसं कामच नसतं. उलट आपल्या बहुतेक गायिका तार पंचमाला जाऊन परत फिरतात, आणि मेझोची परीक्षा तिथूनच सुरू होते. तार पंचम ते कोमल धैवत या टापूत तिला आवाजाची जागा बदलावी लागते, आणि हा सांधा श्रोत्याला कळता कामा नये.

हे सगळं माईकशिवाय. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक असो की मैफल, ध्वनिक्षेपक हवाच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे 3,800 खुर्च्या आहेत, पुढे अख्खा वाद्यवृंद, तरी माईक नाही. वाद्यवृंदाचा सगळ्यात जास्त जोर 500 हर्ट्झच्या आसपास असतो. तयारीचा आवाज 3,000 हर्ट्झच्या आसपास चमकतो, तिथे वाद्यं विरळ असतात आणि माणसाचा कानही जास्त तीक्ष्ण असतो. ही चमक घसा मोकळा ठेवल्यानेच येते. जोर लावला की घसा आवळतो, चमक जाते, आवाज मागे ऐकू येत नाही, म्हणून गायिका आणखी जोर लावते. चांगले आवाज पस्तिशीतच खराब होतात ते बहुतेकदा याच फेऱ्यात सापडून.

भूमिकांची वाटणीही समजून घ्यायला हवी. नायिका बहुधा सोप्रानोकडे, म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीच्या गायिकेकडे. मेझोकडे येते तिची प्रतिस्पर्धी, आई, जादूगारीण, नाहीतर तरुण मुलगा. बालगंधर्वांची परंपरा मानणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला ही उलटी चाल चटकन कळेल : तिथे बाईने पुरुषवेष घ्यायचा. अठराव्या शतकातल्या अनेक वीरपुरुषांच्या भूमिका लहानपणी खच्ची केलेल्या गायकांसाठी लिहिलेल्या होत्या. ती क्रूर प्रथा संपली आणि त्यातल्या बऱ्याच भूमिका खालच्या पट्टीच्या बायकांकडे आल्या. 1859 साली पॅरिसमध्ये संगीतकार बर्लिओझने ग्लुकच्या जुन्या ऑपेरातला नायक ऑर्फियस पोलीन व्हियार्दो या गायिकेच्या आवाजासाठी बेतून दिला, तो याच वाटेवरचा मोठा टप्पा. लंडन, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस असा तिचा वावर होता. पण ती मेझोच्या आणि सोप्रानोच्या, दोन्ही भूमिका मिळेल तशा गात राहिली आणि 1863 मध्ये, जेमतेम 42 व्या वर्षी, रंगमंचावरून निवृत्त झाली.

शंभर वर्षांनंतर याच दोन पट्ट्यांचा प्रश्न ग्रेस बम्ब्री यांच्यापुढे आला. जन्म 4 जानेवारी 1937, अमेरिकेतल्या सेंट लुईसचा. शाळकरी वयात रेडिओवरची स्पर्धा जिंकून त्यांनी संगीतशाळेची शिष्यवृत्ती मिळवली, पण काळ्या मुलीला वर्गात घ्यायला शाळेने नकार दिला. पुढे नामवंत सोप्रानो लोट्टे लेमान यांच्याकडे तालीम झाली. 1960 मध्ये पॅरिस ऑपेरात त्या व्हेर्दीच्या ‘आयदा’मधली अम्नेरिस, म्हणजे नायिका आयदाची प्रतिस्पर्धी, गायल्या आणि मग स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये करारावर राहिल्या.

बाझेलचा हा काळ चरित्रांमध्ये एका ओळीत उरकतात, ते पटत नाही. जर्मन भाषक मुलखात शहरोशहरी सरकारी पैशावर चालणारी ऑपेरागृहं आहेत. तिथे तरुण गायिकेला महिन्याचा पगार मिळतो आणि एका हंगामात लहानमोठ्या बऱ्याच भूमिका अंगावर पडतात. आज एक भाषा, परवा दुसरी. हा रियाज कुठल्याच वर्गात होत नाही. पाहुणी कलाकार झाल्यावर मात्र हिशेब बदलतो : पैसे प्रयोगामागे मिळतात, तालमी चार-सहा आठवडे चालतात, आणि प्रयोगाच्या दिवशी घसा बसला तर त्या रात्रीचं मानधन सहसा जातं. विमानातली कोरडी हवा म्हणूनच गायिकांना धास्तावते. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात सकाळचा खर्ज लावताना घशाला जी ओढ बसते, तिचीच ही जातकुळी.

जुलै 1961 मध्ये दिग्दर्शक व्हीलांट वाग्नर यांनी जर्मनीतल्या बायरॉइटच्या वाग्नर उत्सवात ‘टानहॉयझर’मधली व्हीनस देवीची भूमिका 24 वर्षांच्या बम्ब्रींना दिली. त्या उत्सवात गाणारी ही पहिली कृष्णवर्णीय कलावती. आधी निषेधाची पत्रं आली, वर्तमानपत्रं तापली. प्रयोगानंतर अर्धा तास टाळ्या चालल्या आणि पडद्यापुढे 42 वेळा यावं लागलं. दुसऱ्याच वर्षी केनेडींच्या व्हाइट हाउसमध्ये त्यांचं गाणं झालं.

1963 मध्ये लंडनचं कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृह आणि 1965 मध्ये मेट्रोपॉलिटन, दोन्हीकडे पदार्पण एकाच भूमिकेतून : व्हेर्दीच्या ‘डॉन कार्लोस’मधली एबोली. ही निवड नीट पाहण्यासारखी आहे. एबोलीची दोन मोठी गाणी दोन वेगळे गळे मागतात. पहिलं, बुरख्याचं गाणं, बारीक तानांचं. आवाज हलका नसेल तर ताना चिकटतात. दुसरं, ‘ओ डॉन फाताले’, भरीव आणि संतापाचं. आपण धरलेल्या षड्जाच्या हिशेबाने ते अतितार ऋषभापर्यंत चढतं. मधल्या पश्चात्तापाच्या संथ भागात दमाचा साठा करून ठेवला नाही, तर शेवटची चढण किंचाळी होते. दोन्ही गाणी सारख्या तोलाने पेलणारी गायिका क्वचितच भेटते.

वरचे स्वर इतके सहज असल्यावर नायिकेच्या भूमिकांची ओढ लागणारच. 1970 मध्ये त्या कॉव्हेंट गार्डनला सालोमे गायल्या, 1971 मध्ये मेट्रोपॉलिटनला टोस्का; दोन्ही सोप्रानोच्या भूमिका. अम्नेरिस गाणाऱ्या बम्ब्री पुढे आयदाही गायल्या. यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. काहींना मधल्या सप्तकातला गडद रंग पातळ झाल्यासारखा वाटतो. पण व्हियार्दोसारखी अकाली निवृत्ती त्यांच्या वाट्याला आली नाही, हे विसरता येत नाही. 1985 मध्ये मेट्रोपॉलिटनला ‘पोर्गी अँड बेस’मधली बेस, 1990 मध्ये पॅरिसच्या नव्या बास्तीय ऑपेराच्या पहिल्या हंगामात ‘ले त्रोयाँ’मधली कासांद्र, आणि 2013 मध्ये, 76 व्या वर्षी, व्हिएन्नात ‘इस्पिकची राणी’मधली म्हातारी काउंटेस. 7 मे 2023 रोजी व्हिएन्नातच त्यांचं निधन झालं.

ऐकायला सुरुवात करायची तर आधी एबोलीची दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत, जवळ पेटी ठेवून, पांढरी सहा दाबून. मग कारायान यांच्या दिग्दर्शनाखालचा बम्ब्रींचा 1967 चा ‘कार्मेन’ चित्रपट पाहावा. मोठ्या पडद्यावर ऑपेरा पाहायचा तर मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात मेट्रोपॉलिटनच्या प्रयोगांचं चित्रीकरण दाखवतात. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई.