जाणीव, अनुभव आणि मधलं 'सांगणं'

'जाग', 'शुद्ध', 'भान', 'जाणीव' हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, तरी त्यांतला फरक कानाला कळतो. झोपलेला माणूस जागा नसतो, पण बेशुद्धही नसतो. स्वप्नातली भीती त्याला खरीखुरी वाटते. कामात गढलेला माणूस पुरता शुद्धीवर असतो, पण बोट कापल्याचं त्याला भान नसतं. या सगळ्याच्या तळाशी असतं ते 'वाटणं': लिंबाचा आंबटपणा, दाढेचा ठणका, ज्याचा त्यालाच कळणारा. आता वाद असा की जाणीव म्हणजे हे वाटणंच, की मेंदूतली माहिती बोलायला, ठरवायला, लक्षात ठेवायला हाताशी असणं? या वादाचा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवली की बराच गुंता सुटतो. दुसऱ्याचा अनुभव आजवर कुणीही थेट मोजलेला नाही. मोजलं गेलं ते त्याविषयीचं सांगणं, मग ते शब्दांनी असो, बोटाने असो की बटण दाबून.

भारतीय तर्कपरंपरेत हा प्रश्न फार आधी धारदार झाला होता. बौद्ध तार्किक दिग्नागाच्या मते प्रत्येक ज्ञान स्वतःलाच उजळतं. त्याला त्याने 'स्वसंवेदन' म्हटलं. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांना, हे मान्य नव्हतं. 'हा घट आहे' हे एक ज्ञान आणि 'मला घटाचं ज्ञान झालं' हे त्यावरचं दुसरं, म्हणजे 'अनुव्यवसाय', अशी त्यांची मांडणी. मग दुसऱ्यासाठी तिसरं, तिसऱ्यासाठी चौथं लागेल, हा अनवस्थेचा, म्हणजे कधीच न संपणाऱ्या साखळीचा, आक्षेप ओघानेच आला. त्यावर न्यायाचं उत्तर असं की ज्ञानाला आपलं काम करण्यासाठी स्वतः कळलेलं असावं लागत नाही. (ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत 'स्वसंवेद्य' हा शब्द येतो, म्हणजे मराठी वाचकाला तो परका नाही.) एखादी मनोवस्था जाणिवेत येते ती तिच्याविषयी दुसरा विचार उमटल्यामुळे, असा सिद्धान्त तत्त्वज्ञ डेव्हिड रोझेंथाल यांनी १९८६ मध्ये मांडला, तेव्हा त्यावर जवळपास हेच आक्षेप नव्याने घेतले गेले.

युरोपात देकार्तने १६४१ मध्ये विचार करणारं मन आणि जागा व्यापणारं शरीर वेगळं काढलं. लायब्निझने १७१४ मध्ये एक कल्पना लढवली: विचार करणारं यंत्र गिरणीएवढं मोठं करून आत शिरलात, तर एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील, संवेदना कुठेच दिसणार नाही. पण प्रयोगशाळेचा मार्ग उघडला तो फेख्नरच्या १८६० च्या ग्रंथाने. संवेदना थेट मोजता येत नसली, तरी दोन वजनांतला फरक कितीपासून जाणवू लागतो हे मोजता येतं, ही त्याची युक्ती. १८७९ मध्ये वुंटने लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा थाटली.

पुढे त्याचा शिष्य टिचनर याने अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अंतर्निरीक्षणाची, म्हणजे स्वतःच्या मनात डोकावून अनुभव टिपण्याची, कडक शिस्त लावली. निरीक्षकाने 'टेबल दिसलं' म्हणायचं नाही. अमुक रंग, अमुक चकाकी, अमुक कडा एवढंच सांगायचं. वस्तूचं नाव घेतलं की ती चूक. तरीही घोळ झालाच. जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या निरीक्षकांना प्रतिमेविना विचार आढळले, टिचनरच्या लोकांना दर वेळी कुठली तरी प्रतिमा सापडली. दोन तराजू वेगळं वजन दाखवू लागले तर प्रमाणित वजन ठेवून पाहता येतं. इथे ठेवायला तिसरं काही नव्हतंच. १९१३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉटसनने मानसशास्त्रातून जाणीव हा शब्दच काढून टाका म्हटलं, ते या कोंडीमुळे. उपाय आडदांड होता, पण तक्रार खोटी नव्हती.

कोंडी फोडणारा प्रयोग साधा होता. १९६० मध्ये जॉर्ज स्पर्लिंगने तीन ओळींत चार-चार, अशी १२ अक्षरं ५० मिलिसेकंद दाखवली. लोक जेमतेम चार-साडेचार अक्षरं सांगत आणि वर म्हणत, 'दिसली सगळी, सांगेपर्यंत विरून गेली.' स्पर्लिंगने हे तक्रारवजा वाक्य तपासायचं ठरवलं. अक्षरं विझल्यावर लगेच एक सूर वाजवायचा: वरच्या पट्टीतला वाजला तर वरची ओळ सांगायची, मधल्यातला तर मधली, खालच्यातला तर खालची. कुठलीही ओळ विचारली तरी चारांपैकी साधारण तीन अक्षरं येत. म्हणजे त्या क्षणी नऊएक अक्षरं हाताशी होती. सूर सेकंदभर उशिरा वाजवला की हा फायदा जवळपास संपायचा.

तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांनी १९९५ मध्ये अनुभवरूप जाणीव आणि वापरात येणारी जाणीव असा भेद केला, तेव्हा हा प्रयोग त्यांच्या फार कामी आला: अनुभव बाराचा, वापर चारांचा. विरोधकांचं म्हणणं, 'सगळी दिसली' हाही भासच असेल. नंतरच्या प्रयोगांत न विचारलेल्या ओळींत खोटी अक्षरं घातली, तरी पाहणाऱ्यांना खरीच अक्षरं दिसल्यासारखं वाटलं. माझ्या मते यातून ब्लॉक यांचा भेद मोडत नाही. अनुभव किती तपशीलवार असतो, याविषयीची आपली खात्री मात्र ढिली होते.

उलट्या बाजूचा, म्हणजे अनुभव नसताना वापर होतो याचा, पुरावा १९७४ चा. लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ आणि सहकाऱ्यांनी डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची तपासणी केली. शस्त्रक्रियेत मेंदूच्या मागच्या उजव्या भागातला तुकडा काढल्यामुळे त्याला डाव्या बाजूचं दिसत नव्हतं. 'दिसत नसलं तरी अंदाजाने बोट दाखव' म्हटल्यावर बोट ठिपक्याच्या आसपास पडे. उभी रेघ की आडवी, फुली की गोल, हेही तो योगायोगाच्या पलीकडे बरोबर सांगे. इथे दोन ठिकाणी फसगत होऊ शकते. एक, प्रकाश डोळ्यात विखुरून चांगल्या भागावर सांडतो. म्हणून पुढच्या चाचण्यांत ठिपका मुद्दाम डोळ्यातल्या नैसर्गिक अंधबिंदूवर, म्हणजे प्रकाश टिपलाच जात नाही अशा जागी, पाडला. तिथे त्याला काहीच ओळखता आलं नाही, तेव्हा सांडलेल्या प्रकाशाची शंका फिटली. दुसरी फसगत जास्त चिवट आहे. 'दिसलं का?' याला माणूस स्वतःच्या निकषाने उत्तर देतो. पुसटसं दिसलं तरी काही जण 'नाही' म्हणतात. दोनांपैकी एक निवडायला लावलं की हा निकष आड येत नाही. त्यामुळे दोन प्रश्नांच्या उत्तरांतली तफावत म्हणजे न वाटलेलं दिसणंच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

त्याच वर्षी तत्त्वज्ञ टॉमस नेगल यांनी वटवाघूळ असणं वटवाघळाला कसं वाटतं, असा प्रश्न विचारला. पुढे फ्रँक जॅक्सन (१९८२) आणि जोसेफ लेव्हिन (१९८३) यांनी भौतिक स्पष्टीकरण देऊनही काय उरतं ते दाखवलं, आणि १९९४ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉनच्या परिषदेत डेव्हिड चाल्मर्स यांनी त्या उरलेल्या भागाला, म्हणजे मेंदूच्या कामासोबत मुळात काही वाटतंच का याला, 'कठीण प्रश्न' हे नाव दिलं. नाव चिकटलं, प्रश्न जुनाच होता.

हा वाद नुसता पुस्तकी नाही, हे २००६ मध्ये कळलं. ॲड्रियन ओवेन यांच्या गटाने, बाहेरून कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून 'टेनिस खेळत असल्याची कल्पना कर' असं सांगितलं. ३० सेकंद कल्पना, मग विश्रांती. हालचाली आखणारा मेंदूचा भाग निरोगी माणसासारखाच चेतला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांच्या मेंदूत असा प्रतिसाद सापडला. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा विसरू नये: सांगितलेली हालचाल करून दाखवणाऱ्या ११२ जणांपैकी फक्त ४३ जणांना ही चाचणी जमली. बहिरेपणा, भाषा न समजणं, डुलकी, थकवा, काहीही आड येतं. चाचणीत काही न दिसणं म्हणजे आत कुणी नाही, असा अर्थ लावता येत नाही.

सिद्धान्तांची समोरासमोर परीक्षा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. एक सिद्धान्त म्हणतो, जाणीव म्हणजे मेंदूत माहिती एकसंध गुंफली जाणं. दुसरा म्हणतो, ती माहिती मेंदूभर प्रसारित होणं. २५६ जणांवरच्या मोजमापांत या दोन्ही प्रमुख सिद्धान्तांची काही भाकितं चुकली. पहिल्याला मेंदूच्या मागच्या भागात टिकून राहणारा ताळमेळ हवा होता, तो मिळाला नाही. दुसऱ्याला चित्र नाहीसं होताच पुढच्या भागात उसळी हवी होती, तीही जवळपास दिसली नाही. मेंदूचा पुढचा भाग अनुभवासाठी लागतो की केवळ सांगण्यासाठी, हा मूळ तंटा तसाच राहिला.

तो सोडवायचा एक मार्ग म्हणजे सांगायलाच न लावणं. एका डोळ्याला डावीकडे सरकणारे पट्टे आणि दुसऱ्याला उजवीकडे सरकणारे दाखवले, तर दोन्ही मिसळून दिसत नाहीत. दर काही सेकंदांनी आळीपाळीने दिसतात. २०१४ मधल्या एका प्रयोगात बटण न दाबता, डोळ्यांच्या हालचालीवरून कोणते पट्टे दिसताहेत ते ओळखलं, आणि मेंदूच्या पुढच्या भागातली सक्रियता बरीच ओसरली. पण डोळ्यांची अमुक हालचाल म्हणजे अमुक पट्टे दिसणं, हे कोष्टक बसवण्यासाठी आधी काही वेळ त्याच माणसाकडून बटण दाबून घ्यावं लागतं.