ऑरेंज बुक

अमेरिकी संरक्षण खात्याने संगणक प्रणालींची सुरक्षितता पारखण्यासाठी ऑगस्ट १९८३ मध्ये काढलेले निकषपत्र. अधिकृत शीर्षक लांबलचक. मुखपृष्ठाच्या रंगावरून पडलेले नावच रूढ झाले. सुधारित आवृत्ती डिसेंबर १९८५ मध्ये निघाली.

एकाच संगणकावर अनेकजण एकाच वेळी काम करू लागले, तेव्हा एकाची गुप्त फाइल दुसऱ्याला दिसणार नाही याची हमी कोण देणार, हा लष्करापुढचा प्रश्न होता. भोक सापडले की बुजवायचे, ही तेव्हाची रीत. हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ मध्ये केलेल्या अहवालाने ती निकालात काढली. त्याऐवजी त्यात ‘रेफरन्स मॉनिटर’ सुचवला होता: फाइलपर्यंतची प्रत्येक वाट अडवणारा पहारेकरी. त्याला बगल देता येऊ नये, त्याच्यात ढवळाढवळ करता येऊ नये आणि तो संपूर्ण तपासता येईल इतका लहान असावा.

या कामामागे हवाई दलातील अधिकारी रॉजर शेल होते. ते एमआयटीचे पीएच.डी. होते, पण निव्वळ पदवीवर बोलणारे नव्हते. १९७४ मध्ये त्यांनी पॉल कार्गर यांच्यासह, त्या काळी भक्कम मानली जाणारी मल्टिक्स प्रणाली फोडून दाखवली. चोरवाट कंपायलरमध्येच (लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दडवली, तर सगळी प्रणाली नव्याने कंपाइल केली तरी ती टिकते, हेही त्यांनी मांडले. दहा वर्षांनी संगणकशास्त्रातल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी हीच कल्पना जगापुढे ठेवली आणि ती हवाई दलाच्या एका अहवालात वाचल्याचे सांगितले. अहवालाचा नेमका संदर्भ मात्र त्यांना सापडत नव्हता!

१९८१ मध्ये एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेत संगणक सुरक्षा केंद्र उभे राहिले, तेव्हा शेल त्याचे उपसंचालक झाले. स्वतः कुलपे फोडलेल्यांचा हात निकषांत जागोजागी जाणवतो.

श्रेणी डी, सी१, सी२, बी१, बी२, बी३ आणि ए१ अशा चढत्या. सी२ साठी प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र ओळख आणि कृतींची नोंद लागे; बी१ पासून माहितीला गोपनीयतेची लेबले; ए१ साठी आराखडा गणिती पद्धतीने पडताळलेला हवा. ए१ सर्वप्रथम हनीवेल कंपनीच्या स्कॉम्प प्रणालीला मिळाली. मल्टिक्सला १९८५ मध्ये बी२ मिळाली.

मूल्यमापन इतके रेंगाळे की निकाल लागेपर्यंत उत्पादनाची पुढची आवृत्ती बाजारात आलेली असे. विंडोज एनटी ३.५ ला १९९५ मध्ये सी२ मिळाली, तीही नेटवर्क न जोडलेल्या संगणकासाठी. २००२ मध्ये खात्याने हे निकषपत्र रद्द केले. तोवर कॉमन क्रायटेरिया हे आंतरराष्ट्रीय निकष लागू झाले होते.