कोंबडा घेताना त्याच्या आईची अंडी बघा
(गावरान आणि कडकनाथ पाळणाऱ्या ग्राहकांसाठी)

कोंबडा घ्यायला येणारे बहुतेक जण आधी तुरा बघतात, मग शेपटी. तेही बघावेच. पण गडद तपकिरी अंडी हवी असतील तर रुबाबावरून काही कळत नाही. अंड्याच्या रंगाचा निम्मा वारसा बापाकडून येतो, आणि बाप तर अंडी घालत नाही. म्हणून आमच्याकडे नर निवडताना त्याच्या आईची आणि बहिणींची अंडी दाखवायला सांगा. माद्यांच्या पायात नंबरची कडी असते, त्यावरून अंडी वेगळी ठेवलेली असतात.

तपकिरी रंग कवचावर अगदी शेवटच्या काही तासांत चढतो. अंडे फोडून बघा, कवच आतून पांढरटच निघेल. त्यामुळे मादी घाबरली, कुत्रे मागे लागले किंवा आजार आला की अंडे फिके पडते. सलग अंडी देत राहिली की रंग हळूहळू उतरतो, तेव्हा जुन्या कोंबडीचे अंडे नव्या तलंगेच्या (नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबडीच्या) अंड्याशी ताडून बघू नका. एकाच वयाच्या माद्यांची, अंड्यावर आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतली अंडी शेजारी ठेवून निवड करा.

कडकनाथचे अंडे काळे नसते. ते फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचे असते. कोणी काळे अंडे म्हणून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. बलकाचा रंग खाद्यावर ठरतो. पिवळा मका आणि हिरवा पाला दिला की बलक गडद होतो, जात कोणतीही असो.

पिसाऱ्याची पारख पिसे झडण्याच्या काळात करू नये. नवा पिसारा पूर्ण आला की पक्षी उन्हात धरा. चांगल्या काळ्या कडकनाथच्या पिसांवर हिरवट झळाळी दिसते. (सोनेरी आणि रेघांचे कडकनाथही अस्सल असतात, नुसता रंग बघून त्यांना भेसळ म्हणू नका.) पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांचीच बनतात, झडीच्या दिवसांत नुसत्या तांदळाच्या कण्या घातल्या तर पिसे तुटकी येणारच. तो वंशाचा दोष नाही.

उलट्या पिसांच्या पक्ष्यांना गिऱ्हाईक पुष्कळ. पण असे नर आणि मादी दोन्ही एकत्र ठेवू नका. साधारण चारातल्या एका पिल्लाची पिसे इतकी ठिसूळ येतात की अंग उघडे पडते. जोडीतला एक पक्षी साध्या पिसांचा ठेवा. उघड्या मानेच्या कोंबड्यांना मात्र आम्ही हिणवत नाही. अंगावर पिसे कमी असल्याने विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या बऱ्या टिकतात.

वनराजा, गिरिराजा या कोंबड्या संकरित आहेत. त्यांच्या अंड्यांतून पिल्ले काढली की पुढच्या पिढीत रंग आणि वजन दोन्ही एकसारखे राहत नाहीत. वंश राखायचा असेल तर त्यांना या कामात घेऊ नका.

एका नरामागे आठ-दहा माद्या पुरेत. नर बदलल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नका, तोवर आधीच्या नराची पिल्ले निघू शकतात. घरच्याच बहीण-भावांची जोडी लावत राहिलात तर अंडी कमी फळतात, म्हणून दुसऱ्या घरचा नर आणा.

मागणी नोंदवताना अंड्याचा रंग आधी हवा की पिसारा, हे सांगा. दोन्हीत सरस असे नर थोडेच निघतात, आणि त्यांच्यासाठी थांबावे लागते.