अमेरिकन बिस्किट आणि ब्रिटिश स्कोन

बिस्किट म्हटलं की आपल्याला चहात बुडवायचं पार्ले-जी आठवतं, कारण हा शब्द आपण ब्रिटिशांकडून घेतला. अमेरिकेत त्याला कुकी नाहीतर क्रॅकर म्हणतात. तिथलं, खासकरून दक्षिणेकडच्या राज्यांतलं बिस्किट म्हणजे यीस्ट न घालता फुगवलेला, वरून खरपूस आणि आत मऊ असा छोटा पाव. मूळ लॅटिन अर्थ 'दोनदा भाजलेलं' असा आहे आणि हे तर एकदाच भाजतात, पण असो.

दिसायला ते ब्रिटिश स्कोनसारखंच, म्हणजे तिकडे चहाबरोबर खातात त्या छोट्या पावासारखंच, आणि कृतीही सुरुवातीला सारखीच: मैदा, बेकिंग पावडर, त्यात गार लोणी चोळायचं, पीठ फार मळायचं नाही. फरक पुढे पडतो. बिस्किटात लोणी किंवा डुकराची चरबी सढळ हाताने, साखर जवळजवळ नाहीच, अंडं नाही, आणि भिजवायला ताक, आपल्या पातळ ताकापेक्षा बरंच दाट. मैदाही कमी प्रोटीनच्या मऊ गव्हाचा, त्यामुळे चिवटपणा येत नाही. बरेच जण पिठाच्या घड्या घालून लाटतात, आपली घडीची पोळी असते ना तसंच, म्हणून पापुद्रे सुटतात.

स्कोनमध्ये लोणी कमी, थोडी साखर, दूध, कधी अंडं, कधी बेदाणे, त्यामुळे तो जास्त भुसभुशीत आणि घट्ट, नुसता खाल्ला तर कोरडाच लागतो, पण त्याच्यावर जॅम आणि क्लॉटेड क्रीम येणार हे धरूनच तो केलेला असतो. हे क्रीम म्हणजे मंद आचेवर तापवून धरलेली जाड साय, कॉर्निश, म्हणजे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या क्रीममध्ये निदान ५५ टक्के फॅट लागतं. शेजारच्या डेव्हनमध्ये आधी क्रीम मग जॅम, कॉर्नवॉलमध्ये उलटं, आणि यावरून तिथे खरंच वाद घालतात. स्कोन मूळचा स्कॉटलंडचा, पूर्वी तव्यावर भाजायचे. उच्चारही दोन, स्कॉन आणि स्कोन.

बिस्किट मात्र जेवणातलं. फ्राइड चिकनबरोबर, किंवा सकाळी मधोमध फोडून त्यावर सॉसेजची दाट पांढरी ग्रेव्ही. जॅम, मध लावूनही खातात, म्हणजे गोडाशी वैर असं काही नाही. आणि अमेरिकन कॉफी शॉपमधला त्रिकोणी, वर साखरेचा थर दिलेला स्कोन हा तिसराच प्रकार, त्यावरून ब्रिटिश स्कोनचा अंदाज बांधू नये.