चुकीचा फ्यूज टाकला म्हणून एव्हीआर जळत नाही

‘फ्यूज चुकला की चिप गेली, नवी घ्या’ हा सल्ला एटीमेगा३२८पी (अर्डुइनो उनोवर असते ती एव्हीआर कुळातली मायक्रोकंट्रोलर चिप) वापरणाऱ्यांना वर्षानुवर्षे मिळतो. यात जळत काहीच नाही. इथे फ्यूज म्हणजे चिपची क्लॉकसारखी मांडणी ठरवणारे, पुन्हा लिहिता येणारे मेमरी बिट. बहुतेक वेळा क्लॉकसाठी (चिपला चालवणाऱ्या ठोक्यांसाठी) बाहेरच्या क्रिस्टलचा पर्याय निवडलेला असतो आणि बोर्डावर क्रिस्टलच नसतो. क्लॉक नाही, म्हणून चिप आयएसपी प्रोग्रामरला (बोर्डावरच चिपमध्ये प्रोग्राम आणि फ्यूज लिहिणाऱ्या साधनाला) उत्तर देत नाही. सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, सगळी शून्यं येते.

उपाय सोपा आहे. अर्डुइनो उनोच्या टायमर-१ मधून पिन ९ वर १ मेगाहर्ट्झची चौकोनी लहर काढा (टायमरची मांडणी: सीटीसी मोड, टॉगल, प्रीस्केलर १, ओसीआर१ए = ७). ती २८ पायांच्या चिपच्या पाय क्र. ९ ला, म्हणजे क्लॉक आत घेणाऱ्या एक्सटीएएल१ ला द्या. ग्राउंड एकत्र जोडायला विसरू नका, निम्मे लोक इथेच अडकतात. मग लो फ्यूजमध्ये (क्लॉक ठरवणाऱ्या फ्यूज बाइटमध्ये) हेक्स ई२ लिहा: आतला ८ मेगाहर्ट्झ ऑसिलेटर सुरू.

फ्यूजमध्ये आतला १२८ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर निवडला असेल तर प्रोग्रामरचा वेग चिपच्या क्लॉकच्या चौथ्या हिश्श्याखाली आणा. क्लॉकला आठने भागणारा फ्यूज बिटही चालू असेल तर ४ किलोहर्ट्झच्याही खाली.

आयएसपीला लागणारा रीसेट पायच फ्यूजने बंद केला असेल, तर मात्र १२ व्होल्टचा हाय-व्होल्टेज प्रोग्रामर लागतोच.

नंतरच्या टायनीएव्हीआर ०- आणि १-मालिकेत क्लॉकची ही भानगड उरली नाही: चिप नेहमी आतल्या ऑसिलेटरवर उठते, बाहेरचा क्लॉक प्रोग्राममधून निवडतात. यूपीडीआय पाय (या चिपमध्ये प्रोग्राम लिहिण्याचा पाय) दुसऱ्या कामाला लावला, तर तिथेही १२ व्होल्टच.